चकाकत्या हबच्या आत

नागपूरहून सावनेर मागे टाकून राष्ट्रीय महामार्ग 547 ने छिंदवाड्याकडे निघाले की महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्याच वेळात बोरगाव लागते. औद्योगिक वाढ केंद्रातले कारखाने, त्यातली रेमंडची कापड गिरणी आणि भोवताली संत्र्याच्या बागा ही या गावाची ओळख. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा सौंसर तालुक्याबरोबर बोरगावही त्या जिल्ह्यात गेले. इथे घरात मराठी बोलतात, कचेरीत हिंदी. पाळीवर जायचे, बागेत जायचे, सावनेरला लग्नाला जायचे, तर बहुतेकांच्या दाराशी मोटरसायकल उभी असते. आणि छिंदवाड्याला जायचे असेल तर सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो, येताना उतरावा लागतो.

समजा, या गावातल्या एखाद्या घरात वडिलांच्या काळातली बुलेट, राजदूत किंवा येझदी आहे. मुलाला ती पुन्हा नवी करायची आहे. टाकीला रंग दिला, सीट शिवून घेतली, आता उरली गंजलेली चाके. रिम आणि हब नागपूरला नेऊन क्रोम चढवून आणायचे ठरते. दसऱ्याच्या आत, खंडे नवमीच्या पूजेला गाडी झळकली पाहिजे. चाक चकचकीत होऊन परत येते, आणि मग घाईत ब्रेकचे भाग त्यात पुन्हा बसवले जातात. माझे सांगणे असे की क्रोम होऊन आलेले चाक हे आपण पाठवलेले चाक उरलेले नसते. त्याची मापे बदललेली असतात. म्हणून ही जुळणी उघडलेले भाग उलट क्रमाने परत लावण्यापुरती नाही, ते भाग नव्याने मोजून बसवावे लागतात. असे का, हे समजायला आधी उष्णतेचा हिशेब पाहू.

गाडी आणि दोन माणसे मिळून 250 किलो वजन धरू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी थांबवायची, तर साधारण 35 हजार जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या ऊर्जेत अर्धा कप गार पाणी उकळीला येते. ब्रेक नेमके हेच काम करतो, गतीचे रूपांतर उष्णतेत. आता छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे 675 मीटर उंचीवर आहे आणि नागपूर सुमारे 310 मीटरवर. तीच गाडी तिकडून इकडे येईपर्यंत जवळजवळ 9 लाख जूल ऊर्जा केवळ उंची गमावल्यामुळे मोकळी होते, म्हणजे 60 च्या वेगातून 25 वेळा थांबण्याइतकी. तिचा बराच वाटा वारा, टायर आणि गियरमध्ये ठेवलेले इंजिन उचलतात. पण उतार सगळ्या रस्त्यावर सारखा पसरलेला नाही. घाटाच्या वळणांवर तो एकवटलेला आहे, आणि तिथे जे उरते ते सगळे दोन ड्रमांच्या आतल्या एका अरुंद पट्ट्यावर येऊन पडते.

तो पट्टा बिडाचा असतो. हब पोलादी असो की ॲल्युमिनियमचे, ब्रेकचे लायनर ज्या भिंतीला घासते ती भिंत बिडाची असते. ॲल्युमिनियमच्या हबमध्ये बिडाचे कडे आत बसवलेले असते. बीड का, तर ते झिजेला टिकते, उष्णता झेलते, त्याच्या आतल्या ग्राफाइटमुळे ते लायनरला ओरबाडत नाही, आणि तरीही पुरेशी पकड देते. लायनर आणि बीड यांच्यातला घर्षणगुणांक साधारण 0.3 ते 0.4 धरतात. ब्रेकचा सगळा आराखडा, म्हणजे कॅमची लांबी, लिव्हरचा दांडा, शूची रुंदी, या एका जोडीवर उभा असतो. जोडीतला एक सोबती बदलला की आराखडा कोसळतो.

शूंची गंमतही इथेच सांगून टाकतो. साध्या ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले दोन शू असतात, एका टोकाला खुंटी आणि दुसऱ्या टोकाला कॅम. कॅम फिरला की दोन्ही शू बाहेर ढकलले जातात. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला तोंड असलेला शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि आणखी घट्ट आवळतो, दुसऱ्याला ड्रम मागे लोटतो. पहिला जास्त काम करतो आणि आधी झिजतो. बुलेटच्या मोठ्या पुढच्या ड्रममध्ये दोन कॅम देऊन दोन्ही शू असे ओढले जाणारे केले, म्हणून तो ब्रेक बोटभर दाबावर जोरदार लागतो. पण हे ओढणे पूर्णपणे घर्षणावर अवलंबून असते. घर्षण थोडे घटले तर ब्रेकची ताकद थोडी नव्हे, बरीच घटते, कारण आधी पकड कमी होते आणि त्या पकडीतून मिळणारी मदतही कमी होते. हे दुहेरी नुकसान लक्षात ठेवावे.

आता क्रोमकडे वळू. हा धातू 1797 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ व्होकलँ याने सायबेरियातून आलेल्या तांबड्या शिशाच्या खनिजातून शोधला. धंद्याच्या कामाला येईल अशी क्रोम चढवण्याची पद्धत 1924 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी बसवली, आणि पुढच्या दहा वर्षांत मोटारींचे बंपर, दिवे, नळ सगळे चमकू लागले. मात्र आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो ती बहुतांशी त्याखालच्या निकलची असते. आधी जुना थर आम्लात उतरवतात, पृष्ठभाग बफवर घासून गुळगुळीत करतात, खड्डे असतील तर तांब्याचा थर देऊन भरतात, मग निकल चढवतात. निकलचा थर साधारण 10 ते 30 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून तिप्पट. त्यावर क्रोम जेमतेम अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून कमी. हा पातळ पदर निळसर झाक देतो, ओरखडे अडवतो आणि निकलला पिवळे पडू देत नाही.

क्रोमच्या टाकीत एका लिटरला साधारण 250 ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके गंधकाम्ल असते. वीज सोडली की तिचा दहा ते वीस टक्के भागच धातू बसवण्याच्या कामी येतो, बाकी हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. ते बुडबुडे फुटताना क्रोमिक आम्लाचे धुके हवेत उडवतात. या द्रावणातले सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. टाकीवर उभा राहणारा कामगार हातमोजे, गमबूट आणि धूर ओढून घेणारा पंखा यांच्याविना काम करत असेल, तर त्या चमकीची किंमत त्याचे नाक आणि फुप्फुसे चुकवतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम चालत नाही. टाकीतल्या पाण्यातला विषारी प्रकार आधी आम्लयुक्त पाण्यात सोडियम बायसल्फाइट टाकून सौम्य प्रकारात बदलावा लागतो, मग चुन्याने खाली बसवावा लागतो. कन्हान नदी छिंदवाड्याच्या डोंगरांत उगम पावते आणि पुढे नागपूरकरांची तहान भागवते. परसात प्लास्टिकच्या बादलीत क्रोम करून दाखवणाऱ्यांचे पाणी नाल्यात जाते तेव्हा ते कुठे पोहोचते, हे या भागातल्या माणसाला नकाशा न उघडता कळते. सांडपाण्याची सोय असलेल्या कारखान्यातच काम द्यावे. थोडे महाग पडले तरी मी याबाबत तडजोड करायला तयार नाही.

क्रोम वाईट धातू नव्हे. गाडीत तो जिथे शोभतो आणि लागतो अशा जागा अनेक आहेत. पुढच्या शॉकअपच्या आतल्या नळ्यांवर कठीण क्रोमचा जाड थर असतो, पिस्टनच्या वरच्या रिंगवर असतो, जुन्या कॅलिपरच्या पिस्टनवर असतो. या तिन्ही जागा पाहा. तिथे एक वस्तू दुसऱ्यावर अलगद सरकायला हवी असते. क्रोम कठीण आहे आणि त्याच्यावरून वस्तू सहज घसरतात, म्हणून अभियंत्यांनी तो तिथे निवडला. ड्रमच्या भिंतीवर आपल्याला नेमके उलटे हवे असते. तिथे क्रोम चढला तर लायनर त्याच्यावर बसत नाही, म्हणजे दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना घासून एकजीव होत नाहीत. लायनर वरच्यावर चकाकते, कडक होते आणि सरकत राहते. दोनचारदा जोरात तापले की थराचे पापुद्रे सुटतात. ते धारदार कण लायनरमध्ये रुततात, ड्रमला खाचा पाडतात, कधी शू आणि भिंतीच्या मध्ये अडकतात.

शिवाय थर सारखा बसत नाही, ही खरी खोच. टाकीतली वीज कडांवर आणि बाहेर आलेल्या टोकांवर गर्दी करते, खोल कोपऱ्यात जायला टाळते. ड्रम म्हणजे एक उथळ वाटी. तिच्या तोंडाच्या काठावर निकल जाड बसते, तळाच्या कोपऱ्याशी अगदी पातळ, आणि क्रोम तर कोपऱ्यात पोहोचतही नाही. सरळ भिंत अशा रीतीने उतरती होते. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, पण आतला शू फक्त काठाच्या एका रेघेवर टेकतो. त्या रेघेवर सगळी उष्णता, बाकी लायनर कोरे. म्हणून पॉलिशवाल्याने “भाऊ, आतूनही करून देऊ का?” असे विचारले, तर स्पष्ट नाही म्हणायचे. ड्रमच्या आत पावसाळ्यात तांबूस गंज धरतो, तो पाहून बरेच मालक हळहळतात. तो गंज पहिल्या चारपाच ब्रेकमध्ये पुसला जातो. बिडाची ती उघडी भिंत उघडीच राहायला हवी.

म्हणून काम पाठवण्याआधीच निम्मी जुळणी होऊन जाते. चाक पूर्ण उघडावे. बेअरिंग, त्यांच्यामधली नळी, सील, स्पीडोमीटरचा गियर, ब्रेक प्लेट, शू, कॅम, स्प्रिंगा, एक्सल, सगळे काढून घरी ठेवावे, डब्यात, डाव्या-उजव्या बाजूची चिठ्ठी लावून. शू काढताना ड्रममधली काळी धूळ फुंकू नये आणि हवेच्या पाइपने उडवूही नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्याने पुसून ते फडके बांधून टाकावे. ड्रमच्या आतली भिंत, बेअरिंगची घरे आणि आटे असलेल्या सगळ्या जागा झाकून मागाव्यात. कारागीर यासाठी लाख किंवा मेण लावतात, टेप गुंडाळतात, रबरी बूच ठोकतात. तोंडी सांगून भागत नाही. हबच्या पत्र्याला तारेने चिठ्ठी बांधावी आणि जिथे थर नको तिथे रंगाने फुली मारावी.

स्प्रिंगांबद्दल वेगळे सांगायला हवे. शूंना मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा, कॅमचे दांडे, एक्सल, चाकाच्या तारा (स्पोक) या वस्तू कडक पोलादाच्या असतात. आम्लात आणि टाकीत निघणाऱ्या हायड्रोजनचे अणू अशा पोलादात शिरतात आणि त्याला ठिसूळ करतात. वस्तू वरून सुंदर दिसते, पण ताण आला की एका क्षणात काचेसारखी तुटते, कधी बसवल्यावर दोन दिवसांनी. औद्योगिक कामात अशा भागांना थर दिल्यानंतर काही तासांच्या आत 190 ते 220 अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवतात, त्यामुळे हायड्रोजन बाहेर पडतो. पॉलिशच्या दुकानात ही भट्टी असेलच याची खात्री धरू नये. ब्रेकच्या स्प्रिंगा पॉलिशला द्यायच्याच नाहीत. नव्या स्प्रिंगांना पैसे फार लागत नाहीत, आणि ड्रम बंद झाल्यावर त्या कुणाला दिसणारही नसतात. तारांचेही तेच, नव्या आणाव्यात.

हब ॲल्युमिनियमचे असेल तर आणखी अडचण. त्याच्यावर हवेतच एक ऑक्साइडचा पदर धरलेला असतो, त्यामुळे निकल सरळ चिकटत नाही. आधी जस्ताचा सूक्ष्म थर द्यावा लागतो. ही पायरी नीट न झालेले काम वर्षाच्या आत फुगे येऊन सोलवटते. वर आत बिडाचे कडे, म्हणजे एकाच वस्तूत दोन धातू, दोघांना वेगवेगळी आम्ले मानवतात. माझे मत विचाराल तर ॲल्युमिनियमचे हब नुसते बफ करून घ्यावे आणि क्रोम रिमपुरते ठेवावे. दिसायलाही ते खऱ्या जुन्या गाडीसारखे दिसते.

चाक परत आले. पहिले काम झाकायला लावलेले टेप-मेण काढण्याचे. मेण-लाखेचा कण ड्रममध्ये राहिला तर पहिल्या ब्रेकला तो वितळून लायनरमध्ये मुरेल. गरम पाणी, मग ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट, आणि स्वच्छ फडके. रॉकेल किंवा डिझेल वापरू नये, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. मग मोजमाप. ड्रमचा आतला व्यास तीन दिशांनी, आणि प्रत्येक दिशेला काठाशी व तळाशी, असा सहा ठिकाणी घ्यावा. पुष्कळ ड्रमांवर झिजेची कमाल मर्यादा उठावाने लिहिलेली असते, मूळ मापापेक्षा साधारण एक मिलिमीटर जास्त. 110 चा ड्रम असेल तर 111. तेवढ्या पलीकडे गेलेला ड्रम कितीही चकचकीत असला तरी बाद.

बेअरिंगच्या घरात थर शिरला असेल तर तिथेही मोजायला लागते. उदाहरणार्थ 6302 क्रमांकाचे बेअरिंग घ्या. आतले छिद्र 15 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 42, रुंदी 13. ते घरात घट्ट बसते ते केवळ काही मायक्रॉनच्या फरकाने. घराच्या भिंतीवर 20 मायक्रॉन निकल चढले तर छिद्राचा व्यास 40 मायक्रॉनने कमी झाला. असे बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवता येते, पण मग बाहेरची रिंग आवळली जाते, आतल्या गोळ्यांना खेळायला जागा राहत नाही, आणि चाक काही शे किलोमीटरमध्ये गुरगुरू लागते. अशा वेळी घरातला थर लेथवर किंवा बारीक एमरी पेपरने सावकाश उतरवावा. बेअरिंग ठोकताना फक्त बाहेरच्या रिंगवर दाब द्यावा. मधली नळी विसरली तर एक्सलचा नट आवळला की दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे चेपली जातात, ही चूक गॅरेजात वरचेवर दिसते.

आट्यांचा हिशेब आणखी फसवा. साध्या 60 अंशांच्या आट्यावर जेवढा थर, त्याच्या चौपट त्याचा कामाचा व्यास वाढतो. 20 मायक्रॉन थराने 80 मायक्रॉन. नट हाताने दोनतीन फेरेही फिरत नसेल तर पान्याचा जोर लावू नये, टॅप किंवा डायने आटा साफ करावा.

आता तारा ओवून चाक उभे करायचे. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींच्या तारांच्या चाकात 36 तारा असतात, काहींत 40. आउट काढताना, म्हणजे तारा कमीजास्त आवळून रिम सरळ करताना, तिचा वरखाली आणि डावा-उजवा डोल साधारण दोन मिलिमीटरच्या आत आणतात, चांगला कारागीर याहून खाली आणतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र फार थोडे करतात, आणि या सगळ्या कामात मला तीच सर्वांत मोलाची वाटते. तारा आवळल्या की प्रत्येक तार हबच्या कडेला बाहेर ओढते. ओढ सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे पातळ हबमधला ड्रम किंचित लांबट गोल होतो, मिलिमीटरच्या काही शतांशांनी. लेथवर एकटे हब लावून ड्रम गोल करून घेतला आणि मग तारा ओवल्या, तर तो पुन्हा लांबट होतो. ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटाखाली धडधडते ते यामुळे. म्हणून ड्रमची टर्निंग करायची असेल तर ती तारा ओवून, आउट काढून, पूर्ण चाक लेथवर धरून करावी. त्यासाठी पूर्ण चाक फिरू शकेल एवढा मोठा लेथ लागतो, तो असलेला कारखाना शोधून जावे. काढायचे ते कमीत कमी, दशांशभर मिलिमीटर पुरते. पॉलिशवाल्याच्या हातून आत चुकून थर गेला असेल तर तोही याच वेळी निघून जातो.

ड्रम मोठा झाला की जुने शू त्याला जुळत नाहीत, त्यांची वक्रता लहान ड्रमची असते. नवे लायनर लावून तेही ड्रमच्या मापाला टर्न करून घ्यावे. ते जमत नसेल तर एक घरगुती उपाय आहे. ड्रमच्या आत बारीक पॉलिश पेपर चिकटवून शू हलका दाबून प्लेट मागेपुढे फिरवावी, उंच जागा खरवडल्या जातात. लायनरच्या पुढच्या टोकाची धार कानशीने थोडी उतरती करावी, नाहीतर ब्रेक अचानक धरतो आणि कुरकुरतो. मग ड्रममधून सगळा पेपर आणि धूळ ओल्या फडक्याने काढावी.

ब्रेक प्लेटवर कॅम आणि खुंटी यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावायचे, तेही पुसल्यासारखे पातळ. जास्त लावलेले ग्रीस घाटात वितळून लायनरवर येते आणि ग्रीस पिलेले लायनर परत चांगले होत नाही, बदलावेच लागते. मालकाने हौसेने प्लेट आणि कॅमचा दांडाही क्रोम केला असेल, तर कॅम त्याच्या बुशमध्ये मोकळा फिरतो का हे रिकाम्या प्लेटवर हाताने पाहावे. थरामुळे तो जाम झाला तर ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि सुटत नसलेला ब्रेक चालत्या गाडीत स्वतःला तापवत राहतो. दोन्ही शू स्प्रिंगांनी जोडून, पुस्तकासारखे दुमडून प्लेटवर टेकवावेत आणि मग दोन्ही हातांनी खाली दाबावेत. स्प्रिंगची उघडी आकडी आतल्या बाजूला, प्लेटकडे. कॅमच्या टोकावर आणि बाहेरच्या दांड्यावर ठोकलेला ठिपका असतो, ते दोन ठिपके समोरासमोर आणूनच दांडा बसवायचा. तो एक दात चुकला तर लायनरची झीज दाखवणारा काटा खोटे सांगतो आणि लिव्हरचा जोरही वाया जातो.

चाक गाडीत चढवताना एक जागा डोळ्यांनी पाहून खात्री करावी, चाचपून नव्हे. पुढच्या ब्रेक प्लेटला एक खाच असते, ती शॉकअपच्या नळीवरच्या उंचवट्यावर बसते. ब्रेक लागला की ड्रम प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवू पाहतो, आणि हा उंचवटा तिला धरून ठेवतो. खाच बसली नसेल तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट फिरते, केबल गुंडाळली जाते आणि पुढचे चाक जागच्या जागी अडकते. मागच्या चाकाला हे काम एक वेगळा दांडा करतो. त्याचा नट, त्याची काटा पिन, दोन्ही नवीन. जुनी काटा पिन सरळ करून पुन्हा वापरणे म्हणजे दोनतीन रुपयांसाठी हाडे पणाला लावणे होय. स्पीडोमीटरच्या गियरचे कान हबच्या खाचेत गेलेत का हेही आताच पाहावे, नाहीतर एक्सल आवळताना ते चेपतात.

यानंतर एक छोटी कृती, जिच्यामुळे ब्रेकचा सगळा स्वभाव बदलतो. एक्सलचा नट सैल ठेवावा, चाक फिरवावे, ब्रेक जोरात दाबून तसाच धरून ठेवावा आणि त्या अवस्थेत नट आवळावा. दाबलेले शू प्लेटला ड्रमच्या बरोबर मध्यभागी आणतात आणि नट तिला तिथेच बांधून टाकतो. पुढचे चाक असेल तर आवळण्याआधी शॉकअप दोनचारदा खालीवर दाबून घ्यावे.

मग केबल. पुढच्या लिव्हरचा मोकळा खेळ साधारण 10 ते 20 मिलिमीटर आणि मागच्या पेडलचा 20 ते 30, हे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत सापडते, आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि ड्रमवरचा दांडा यांच्यात काटकोन असावा, तेव्हा हाताचा जोर सगळ्यात जास्त पोहोचतो. दांडा काटकोनाच्या पुढे जात असेल तर लायनर संपले किंवा ड्रम मोठा झाला. दोन कॅमच्या बुलेटमध्ये दोन्ही दांड्यांना जोडणारी सळई असते. तिची लांबी अशी ठेवावी की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. सळई सोडून एक एक कॅम हाताने फिरवून पाहिला की ते कळते. एप्रिल 2019 नंतरच्या 125 सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या पेडलला पुढचाही ब्रेक जोडलेला असतो. अशा गाडीचे एकच चाक उघडले तरी दोन्हींची केबल पुन्हा तपासायची.

डिस्क ब्रेकच्या चाकाबद्दल थोडक्यात. डिस्कला कधीही क्रोम करू नये, कारण तेच. डिस्क ज्या चेहऱ्यावर बसते तिथे थर असमान असेल तर डिस्क डोलते, आणि बऱ्याच गाड्यांत 0.3 मिलिमीटरच्या पलीकडचा डोल चालत नाही. तो चेहरा झाकून घ्यावा, बोल्टला लॉक लावणारे द्रव्य वापरावे, आणि पॅडना बोटांचा तेलकटपणाही लागू देऊ नये.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर. चाक हाताने फिरवले की हलकी खरखर चालेल, अडकणे चालणार नाही. दुसरी चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगात, एका वेळी एकच ब्रेक. मग दोनतीन किलोमीटर ब्रेक न वापरता जाऊन हबवर हाताचा मागचा भाग जवळ नेऊन पाहावा. नवे क्रोम उन्हात तसेही तापते, म्हणून पुढच्या-मागच्या हबची तुलना करावी. एकच हब भाजत असेल तर शू सुटत नाहीत. पहिले 100-200 किलोमीटर सौम्य, लांबून ब्रेक लावत जावे, तोवर लायनर आणि बीड एकमेकांशी जुळतात. या काळात बोरगाव ते सौंसर, सौंसर ते पांढुर्णा असा सपाटीचा रस्ता बरा, सिल्लेवानीचा उतार जुळणी पूर्ण झाल्यावर. आणि उतारावर उतरताना गियर खालचा, ब्रेक थांबून थांबून.

साधारण 300 किलोमीटरनंतर चाक पुन्हा एकदा उघडावे. तारा एकेक करून वाजवून पाहाव्या, सैल आवाजाची तार आवळावी, क्रोमवर नव्या बसलेल्या तारांचे निपल या काळात थोडे जागा घेतात. मग शू पाहावे, तिथे सगळे लिहिलेले असते. लायनर दोनतृतीयांशाहून जास्त भागावर सारखे मळकट-चकाकत असेल तर काम चांगले झाले. फक्त बाहेरच्या काठाला रेघ पडली असेल तर ड्रम तोंडाशी अरुंद आहे, टर्निंग राहिली. एकाच टोकाला काळे पडले असेल तर प्लेट मध्यावर आलेली नाही, नट सोडून ब्रेक दाबून पुन्हा आवळायचा. लायनर आरशासारखे झाले असेल तर आत कुठेतरी क्रोम किंवा ग्रीस आहे. आधी ते शोधावे, ड्रम साफ करून घ्यावा, आणि मग नवे शू घालावेत.